हार्ड डिस्क कोणत्या कंपनीची घ्यावी?

घरी संगणक घ्यायचा किंवा जुन्या संगणकाची डिस्क बदलायची म्हटले, की शिक्षक मित्र आम्हाला एक प्रश्न हमखास विचारतात : "हार्ड डिस्क कोणत्या कंपनीची घेऊ? भरवशाची कंपनी कोणती?" प्रश्न सरळ आहे आणि त्याचे एका शब्दात उत्तर देणारेही पुष्कळ भेटतात. अडचण एवढीच, की प्रत्येकाचा शब्द वेगळा असतो.

आमचाच अनुभव सांगतो. शाळेच्या आवारात आम्ही एक पर्जन्यमापक बसवला होता. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला विद्यार्थी पाऊस मोजत. पहिली सहा वर्षे नोंदी वहीत झाल्या आणि नंतर त्या संगणकात भरल्या. पुढची तीन वर्षे आम्ही शहाणे झालो. वही बंद केली आणि नोंदी थेट घरच्या संगणकात भरू लागलो. २०१३ च्या जूनमध्ये एका सकाळी संगणक सुरू केला, तर आतून घड्याळासारखी टक्-टक् ऐकू आली आणि पडदा काळाच राहिला. दुरुस्ती करणाऱ्याने डिस्क हातात घेऊन पाहिली आणि म्हणाला, "सर, या कंपनीची कशाला घेतलीत? आमच्याकडे रोज हीच येते." त्याने दुसऱ्या एका कंपनीचे नाव सुचवले. खात्री करावी म्हणून आम्ही जवळच्याच आणखी एका दुकानात गेलो. तिथल्या माणसाने त्या सुचवलेल्या कंपनीबद्दल नेमके तेच वाक्य ऐकवले!

दोघेही खोटे बोलत नव्हते. मग त्यांची मते उलटी कशी? या प्रश्नाच्या मागे गेल्यावर 'भरवसा' या शब्दाचा अर्थच नव्याने समजून घ्यावा लागतो. तो आपण पाहू या.

आत काय चालते?

हार्ड डिस्कच्या पेटीत काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या गुळगुळीत तबकड्या असतात. त्यांवर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो. तबकडी फिरते आणि एका हलत्या दांडीच्या टोकाला असलेले 'हेड' तिच्यावरील सूक्ष्म चुंबकीय खुणा वाचते किंवा बदलते. घरगुती संगणकातील साडेतीन इंची डिस्क बहुधा मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते. तबकडीचा व्यास सुमारे ९५ मिलिमीटर धरा आणि विद्यार्थ्यांना कडेचा वेग काढायला सांगा. ७,२०० फेऱ्यांसाठी उत्तर येते सेकंदाला सुमारे ३६ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ १३० किलोमीटर.

या वेगाने धावणाऱ्या पृष्ठभागाला हेड टेकत नाही. ते त्याच्यावर अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर तरंगते. ही उंची ३ नॅनोमीटर धरू आणि सगळी मापे दहा लाख पटींनी वाढवू. आता तबकडी ९५ किलोमीटर रुंद होईल. पुणे ते सातारा हे सरळ रेषेतील अंतर जवळपास तेवढेच आहे. या अवाढव्य मैदानावर हेड तरंगते आहे फक्त ३ मिलिमीटर उंचीवर! याच प्रमाणात डोक्याचा केस ७० मीटर जाडीचा होईल आणि धुराचा एक बारीक कण वीतभर उंचीचा. पेटी धूळविरहित खोलीत का जुळवतात आणि ती घरी उघडायची नाही असे का बजावतात, हे यावरून लक्षात येईल.

अशा यंत्रात बिघाड होतो यात नवल नाही. इतक्या डिस्क वर्षानुवर्षे बिनतक्रार चालतात, हेच नवल आहे. पण यातली एकही डिस्क अमर नाही. म्हणून प्रश्न 'बिघडेल का?' असा नसून 'किती शक्यतेने, किती दिवसांत?' असा आहे. तो संभाव्यतेचा प्रश्न आहे.

हजार वर्षांचा तरुण

डिस्कच्या माहितीपत्रकात कधी कधी एक भारदस्त आकडा छापलेला असतो : बिघाडापूर्वीचा सरासरी काळ, १०,००,००० तास. वर्षाचे तास ८,७६०. भागाकार केला तर येतात ११४ वर्षे! डिस्क ११४ वर्षे चालेल असे आपण समजतो आणि फसतो.

समजा, पंचविशीतील १,००० तरुणांपैकी वर्षभरात एक जण दगावला. या हिशेबाने एका मृत्यूमागे १,००० मनुष्यवर्षे झाली. म्हणून माणूस हजार वर्षे जगतो असे कोणी म्हणेल काय? त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की तरुण वयात वर्षाला हजारात एक एवढा धोका असतो. वय वाढेल तसा धोका वाढतो. डिस्कचेही तसेच आहे. दहा लाख तासांचा अर्थ असा, की ११४ डिस्क वर्षभर चालवल्या तर त्यांतली साधारण एक बिघडेल; म्हणजे वर्षाला ०.८८ टक्के.

प्रत्यक्षात एवढेही साधते का? बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन या संशोधकांनी २००७ मध्ये मोठ्या संगणक केंद्रांतील सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. वर्षाला डिस्क बदलाव्या लागण्याचे प्रमाण बहुतेक ठिकाणी एक टक्क्याहून अधिक होते, २ ते ४ टक्के सर्रास आढळले आणि काही ठिकाणी तर ते १३ टक्क्यांपर्यंत गेले. डिस्क जसजशी जुनी होते तसतसे हे प्रमाण चढत जाते, हेही दिसले. माहितीपत्रकातील आकडा चाचणीवरून आणि हिशेबाने काढलेला असतो. वापरातला आकडा त्याहून मोठा निघतो.

'माझी पाच वर्षे चालली'

आता कंपनीच्या नावाकडे वळू. आपण चौकशी करतो म्हणजे काय करतो? दोन-तीन ओळखीच्या माणसांना विचारतो. "माझ्याकडे अमुक कंपनीची आहे, पाच वर्षे झाली, काही त्रास नाही," असे कोणी सांगितले, की आपण निश्चिंत होतो. या साक्षीचे वजन किती, ते वर्गात मोजता येते.

एका डब्यात ५० चिठ्ठ्या ठेवा. एका चिठ्ठीवर फुली करा. हा झाला 'चांगल्या' कंपनीचा डबा : वर्षाला २ टक्के बिघाड. दुसऱ्या डब्यातील ५० पैकी ३ चिठ्ठ्यांवर फुली करा. हा 'वाईट' कंपनीचा : ६ टक्के, म्हणजे तिप्पट. चाळीस मुलांच्या वर्गातील प्रत्येकाने पहिल्या डब्यातून पाच वेळा चिठ्ठी काढायची, दर वेळी ती परत आत टाकून डबा हलवायचा. पाच वेळा म्हणजे पाच वर्षे. फुली आली की त्याची डिस्क बिघडली. मग हेच दुसऱ्या डब्यातून करायचे.

गणिताने उत्तर आधीच काढता येते. पहिल्या डब्यात पाचही वर्षे सुखरूप जाण्याची शक्यता ०.९८ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ९० टक्के. दुसऱ्यात ०.९४ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ७३ टक्के. चाळीसपैकी पहिल्या डब्यातले साधारण ३६ जण समाधानी असतील, तर दुसऱ्यातले २९. तिप्पट वाईट कंपनीचेही चारांतले जवळजवळ तीन ग्राहक म्हणणार, "उत्तम आहे, डोळे झाकून घ्या!" तुम्ही दुसऱ्या डब्यातील तिघांना विचारले, तर तिघांनीही स्तुती करण्याची शक्यता सुमारे ४० टक्के भरते. म्हणजे तीन मित्रांच्या सांगण्यावरून चांगली आणि वाईट कंपनी ओळखताच येत नाही.

मग दुरुस्ती करणाऱ्याने तर शेकडो डिस्क पाहिलेल्या असतात, त्याचे काय? त्याच्याकडे अंश असतो, छेद नसतो. समजा, एखाद्या गावात एका कंपनीच्या २,००० डिस्क खपल्या आणि दुसरीच्या ३००. पहिलीच्या ४० बिघडल्या, दुसरीच्या १२. दुकानात पहिलीचाच ढीग मोठा दिसेल. पण प्रमाण पाहिले तर पहिलीचे २ टक्के आणि दुसरीचे ४. आमच्या दोन दुकानदारांचे कोडे बहुधा इथेच सुटते. दोघांकडे वेगवेगळ्या कंपन्यांचा माल जास्त खपत होता, म्हणून तोच जास्त परत येत होता.

नाव तेच, डिस्क निराळी

ज्यांच्याकडे अंश आणि छेद दोन्ही आहेत, असे काही थोडे लोक आहेत. बॅकब्लेझ ही अमेरिकेतील कंपनी ग्राहकांच्या फायली साठवून ठेवण्याचा व्यवसाय करते. २०१३ पासून ती आपल्याकडील डिस्क किती आणि कोणत्या बिघडल्या, याची मॉडेलवार माहिती जाहीर करत आली आहे. २०२४ अखेर तिच्याकडे तीन लाखांहून अधिक डिस्क होत्या आणि त्या वर्षीचे सरासरी बिघाडाचे प्रमाण १.५७ टक्के होते. त्याआधी २०२३ मध्ये ते १.७० टक्के, तर २०२२ मध्ये १.३७ टक्के होते. या डिस्क चोवीस तास चालतात, त्यामुळे हे आकडे घरच्या संगणकाला जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. पण तुलनेसाठी त्यांचा उपयोग होतो.

या तक्त्यांतून सर्वांत महत्त्वाचा धडा मिळतो तो असा : फरक कंपनी-कंपनीत असतो, त्याहून मोठा फरक एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत असू शकतो. सीगेटचे एक ३ टेराबाइटचे मॉडेल २०१४ या एका वर्षात तिथे सुमारे ४३ टक्के बिघडले. त्यावरून २०१६ मध्ये अमेरिकेत सीगेटविरुद्ध दावाही दाखल झाला. त्याच वर्षी, त्याच ठिकाणी, त्याच सीगेटच्या ४ टेराबाइटच्या मॉडेलचे प्रमाण मात्र अडीच टक्क्यांच्या आसपास होते. 'सीगेट चांगली की वाईट?' या प्रश्नाला यावर काय उत्तर द्यावे? शिवाय त्या ३ टेराबाइटच्या डिस्कांचा काळही बिकट होता. २०११ च्या थायलंडमधील महापुराने डिस्कचे कारखाने आणि सुट्या भागांचे पुरवठादार बंद पडले, जगभर टंचाई झाली. बॅकब्लेझने त्या दिवसांत बाहेरून जोडायच्या तयार डिस्क दुकानांतून विकत आणून त्यांची वेष्टने काढून वापरल्या होत्या.

याहून बोलके उदाहरण 'डेस्कस्टार' या नावाचे. हार्ड डिस्कचा शोध ज्या आयबीएमने लावला आणि १९५६ मध्ये पहिली डिस्क बाजारात आणली, त्याच आयबीएमचे डेस्कस्टार ७५जीएक्सपी हे मॉडेल २००० साली आले. ते इतके बिघडू लागले, की ग्राहकांनी त्याचे 'डेथस्टार' असे बारसे केले आणि २००१ मध्ये अमेरिकेत सामूहिक दावा लावला. पुढे आयबीएमने हा व्यवसाय हिताचीला विकला. हिताचीने डेस्कस्टार हे नाव चालू ठेवले. २०१४ च्या सुरुवातीला बॅकब्लेझने आपला पहिला मोठा तक्ता छापला, तेव्हा हिताचीच्या ३ टेराबाइटच्या डेस्कस्टार डिस्क सर्वांत टिकाऊ डिस्कांच्या रांगेत होत्या. बिघाड वर्षाला एक टक्क्याच्या आसपास! म्हणजे २००१ मध्ये ज्याने डेस्कस्टार या नावाशी कायमची अढी धरली, तो पुढे चांगल्या डिस्कला मुकला.

आता तर नावेही फारशी उरलेली नाहीत. क्वांटमचा डिस्क व्यवसाय मॅक्स्टरकडे गेला, मॅक्स्टर २००६ मध्ये सीगेटमध्ये विलीन झाली, २०११ मध्ये सॅमसंगचा डिस्क व्यवसायही सीगेटने घेतला. फुजित्सूचा तोशिबाकडे गेला आणि हिताचीचा २०१२ मध्ये वेस्टर्न डिजिटलकडे. आज हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या तीनच आहेत : सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. तिघींनीही चांगली मॉडेले काढली आहेत. आणखी एक अडचण अशी, की एखादे मॉडेल टिकाऊ आहे हे सिद्ध व्हायला तीन-चार वर्षे लागतात. तोवर ते बाजारातून गेलेले असते.

पूर्वसूचना मिळते का?

डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. या सोयीला 'स्मार्ट' म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅमने ती वाचता येते. तबकडीवरील खराब झालेल्या जागा किती बदलून घेतल्या, वाचता न आलेल्या जागा किती, डिस्क एकूण किती तास चालली, हे आकडे त्यात दिसतात. पहिले दोन आकडे शून्यावरून वाढू लागले, की फायली ताबडतोब दुसरीकडे उतरवून घ्याव्यात.

पण आकडे स्वच्छ आहेत म्हणून निश्चिंत राहता येत नाही. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत दोष सापडलेल्या डिस्क पुढच्या साठ दिवसांत बिघडण्याची शक्यता इतरांपेक्षा ३९ पट होती. सूचना खरी असते ती अशी. मात्र बिघडलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी या मुख्य चार सूचनांपैकी एकही दिली नव्हती. निम्म्याहून अधिक डिस्क न सांगता गेल्या.

मग घ्यावी तरी कोणती?

तिन्ही कंपन्यांपैकी कोणाचीही घ्यावी. नावापेक्षा पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

मॉडेलचा पूर्ण क्रमांक लिहून घ्यावा आणि तो कोणत्या कामासाठी बनवला आहे ते पाहावे. हमी किती वर्षांची आहे ते पाहावे. घरगुती डिस्कला बहुधा दोन किंवा तीन वर्षे, तर मोठ्या कामाच्या डिस्कला पाच वर्षे हमी असते. हमीमुळे नवी डिस्क मिळते, त्यातली माहिती नव्हे, हे विसरू नये. बिल देणाऱ्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावी आणि घरी आणल्याबरोबर 'स्मार्ट'मधील चाललेल्या तासांचा आकडा पाहावा. नव्या डिस्कचा तो शून्याच्या जवळपास हवा. वापरलेली डिस्क पुसून नवी म्हणून खपवण्याचे प्रकार होतात.

काही डिस्कांत जागा वाचवण्यासाठी चुंबकीय पट्टे कौलारू छपरासारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. मधले एक कौल बदलायचे तर शेजारची हलवावी लागतात. तसेच इथे एक पट्टा नव्याने लिहिताना पुढचेही पुन्हा लिहावे लागतात. अशी डिस्क फायली एकदा भरून ठेवण्यास ठीक, सतत बदल करण्यास संथ. हा प्रकार आधी न सांगता काही मॉडेलांत वापरल्यावरून २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलवर मोठी टीका झाली होती. खरेदीपूर्वी याची विचारणा करावी.

डिस्क चालू असताना संगणक हलवू नये. वीज अचानक जाते तिथे यूपीएस जोडावा.

आज बहुतेक नव्या संगणकांत मुख्य डिस्क म्हणून एसएसडी असते. तिच्यात फिरणारे भाग नाहीत, त्यामुळे ती धक्क्याने सहसा बिघडत नाही आणि वेगवान असते. पण तिच्या पेशी लेखनाने झिजतात आणि ती गेली तर पुष्कळदा टक्-टक् एवढाही इशारा न देता जाते. वर सांगितलेला संभाव्यतेचा हिशेब तिलाही लागू आहे.

दुसरी प्रत

आता शेवटचा आणि सर्वांत उपयोगी हिशेब. समजा, पुष्कळ शोध घेऊन तुम्ही २ टक्क्यांऐवजी १ टक्का बिघाडाची डिस्क मिळवली. धोका निम्मा झाला. आता दुसरा मार्ग पाहा. साधी, २ टक्क्यांचीच डिस्क घेतली, पण तिच्या जोडीला तशीच दुसरी ठेवून तिच्यावर सर्व फायलींची प्रत केली. दोन्ही एकाच वर्षात बिघडण्याची शक्यता ०.०२ गुणिले ०.०२, म्हणजे ०.०००४, अडीच हजारांत एक. धोका पन्नासाव्या भागावर आला. एक बिघडताच दुसरीवरून नवी प्रत केली, तर तो याहूनही कमी होतो. कोणत्याही कंपनीचे नाव एवढे संरक्षण देऊ शकत नाही.

मात्र या गुणाकाराला एक अट आहे आणि ती विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी : दोन्ही घटना परस्परांपासून स्वतंत्र हव्यात. दोन्ही डिस्क एकाच खोक्यात असतील तर विजेचा एकच झटका, एकच चोरी, एकच पूर दोन्ही घेऊन जाईल. एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच खेपेच्या डिस्कांत एकच दोष असू शकतो. संगणकाला कायम जोडून ठेवलेली प्रत व्हायरसच्याही तावडीत सापडते. म्हणून प्रत घेतली की डिस्क सोडवून ठेवावी, शक्य तर दुसऱ्या कंपनीची घ्यावी आणि महत्त्वाच्या फायलींची तिसरी प्रत घराबाहेर ठेवावी. नातेवाइकांकडे किंवा इंटरनेटवरील साठवणुकीत. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर, असा हा नियम जाणकार सांगतात. आणि अधूनमधून प्रतीतील चार फायली उघडून पाहाव्यात. न उघडलेली प्रत ही प्रत आहे, असे गृहीत धरू नये.

आमच्या पावसाच्या नोंदींचे काय झाले, ते सांगायचे राहिले. डिस्कमधून काहीच परत मिळाले नाही. पण पहिल्या सहा वर्षांच्या वह्या प्रयोगशाळेच्या कपाटात होत्या. नववीच्या मुलांनी दोन आठवडे बसून त्यांतला प्रत्येक आकडा पुन्हा भरला. पुढची तीन वर्षे मात्र कायमची गेली. त्या तीन पावसाळ्यांत आमच्या आवारात रोज किती पाऊस पडला, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. कंपनी तीच, डिस्कही तीच. सहा वर्षे वाचली आणि तीन गेली, याचे कारण एकच : सहा वर्षांची दुसरी प्रत होती.

त्यानंतर आम्ही पाऊस पुन्हा वहीत लिहू लागलो. संगणकातही भरतो, आणि दर शनिवारी त्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतो. ती डिस्क कोणत्या कंपनीची आहे, हे आम्हाला पेटी पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.